गाठीतला नत्र आणि गोणीतला नत्र

2 मार्च 2024 रोजी बिहारमधील बेगुसराय येथे बरौनीच्या खत कारखान्याचे राष्ट्रार्पण मोठ्या थाटामाटाने पार पडले. सार्वजनिक क्षेत्रातील हा जुना कारखाना 1999 मध्ये बंद पडला होता. पाव शतकाच्या आतबाहेर तो नव्या यंत्रसामग्रीनिशी पुन्हा उभा राहिला आणि ऑक्टोबर 2022 पासून युरिया काढू लागला. त्याची वार्षिक क्षमता 12 लाख 70 हजार टनांची आहे. बंद पडलेला कारखाना पुन्हा सुरू व्हावा, ही कामगार चळवळीचीच जुनी मागणी. तेव्हा त्याच्या धुराड्यातून पुन्हा वाफ निघू लागली याचे दुःख कोणाही समाजवाद्याला होण्याचे कारण नाही. प्रश्न निराळाच आहे. बरौनीहून 1959 च्या राजेंद्र सेतूवरून गंगा ओलांडली की दक्षिण तीरावर मोकामा लागते आणि मोकाम्याच्या मागे टालची विस्तीर्ण सखल भूमी सुरू होते. उत्तर तीरावरील कारखाना जे करतो, म्हणजे हवेतील नत्र पकडून पिकाच्या मुखी घालतो, तेच काम या दक्षिण तीरावर शेकडो वर्षे चालू आहे. तेथे धुराडे नाही, वायुवाहिनी नाही, अनुदान नाही. आणि म्हणूनच बहुधा समारंभही नाही.

या दोन तीरांकडे सत्ताधारी ज्या दोन वेगळ्या नजरांनी पाहतात, त्यांत त्यांच्या सबंध शेतीधोरणाचा वर्गीय आशय उघडा पडतो.

टाल म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घ्यावयास हवे. गंगेने आपल्याच गाळाने दक्षिण काठावर एक उंचवटा उभा केला आहे. त्याच्या मागे फतुह्यापासून बाढ, मोकामा, बरहियापर्यंत बशीसारखा खोलगट पट्टा पसरला आहे. पाटणा, नालंदा, शेखपुरा, लखीसराय अशा जिल्ह्यांत तो विभागलेला असून त्याचे क्षेत्र एक लाख हेक्टरांहून थोडे अधिक भरते. छोटा नागपूरच्या पठाराकडून येणाऱ्या अनेक नद्या या बशीत आपले पाणी ओततात. त्या पाण्याला बाहेर पडण्याची वाट मुख्यतः हरोहर नदीची. आणि ऐन पावसाळ्यात गंगाच फुगलेली असल्याने ती वाट तुंबते. जुलैपासून सप्टेंबरपर्यंत टालवर समुद्र असतो. सप्टेंबरच्या अखेरीस पाणी ओसरू लागते, काळी चिकण माती उघडी पडते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये त्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा, लाख पेरली जाते. बहुतेक ठिकाणी पाटाचे पाणी नाही, विहिरीचे नाही. मातीने धरून ठेवलेल्या ओलाव्यावर मार्चपर्यंत पीक हाती येते. वर्षातून एकच पीक. महाराष्ट्रात धरणाचे पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत जी गाळपेर होते, तिचेच हे शतकानुशतके चालत आलेले विराट रूप म्हणता येईल.

एवढ्या मोठ्या प्रदेशात नत्राची गोणी जवळजवळ न टाकता प्रथिनांनी भरलेले धान्य पिकते, हे कसे? हवेत 78 टक्के नत्र आहे. परंतु त्याचे अणू दोन-दोनांच्या जोड्यांनी तिहेरी बंधात असे जखडलेले असतात, की त्यातला कणभरही पिकाला थेट घेता येत नाही. हा बंध तोडण्याची रीत फ्रिट्झ हाबरने 1909 मध्ये प्रयोगशाळेत सिद्ध केली, कार्ल बॉशने तिचे कारखानदारी रूप घडविले आणि 1913 मध्ये जर्मनीत ओप्पाऊ येथे पहिला कारखाना चालू झाला. त्यासाठी चारशे-पाचशे अंशांचे तापमान लागते, वातावरणाच्या शेकडोपट दाब लागतो आणि हायड्रोजनसाठी नैसर्गिक वायू लागतो. (या शोधाने पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या महायुद्धाला स्फोटकेही पुरविली. भांडवलशाहीत एकाच नळातून अन्न आणि मरण दोन्ही वाहतात, याचे इतके ढळढळीत उदाहरण दुसरे सापडणे कठीण.) मसुराच्या मुळावरील गाठीत राहणारे जिवाणू हेच काम हिवाळ्यातल्या साध्या मातीच्या तापमानात करतात. त्यांच्याजवळ लोह आणि मॉलिब्डेनम धारण करणारे नायट्रोजिनेज नावाचे विकर असते. हेलरिगेल आणि विलफार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1886 ते 1888 या काळात गाठींचे हे रहस्य उलगडले. 1888 मध्येच हॉलंडच्या बायरिंकने ते जिवाणू वेगळे करून दाखविले. भारतातही 1920 मध्ये एन. व्ही. जोशी यांनी कडधान्यांच्या गाठींतील जिवाणूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. म्हणजे ज्ञान नव्हते असे नाही. शंभर वर्षांपूर्वी ते येथे होते.

या गाठीचा कारभार मोठा पाहण्यासारखा आहे. नायट्रोजिनेजला प्राणवायू मुळीच सोसत नाही. तो लागला की ते निकामी होते. उलट जिवाणूला श्वसनासाठी प्राणवायू हवाच. ही अडचण वनस्पतीने सोडविली आहे. रक्तातील लाल द्रव्याचे जवळचे आप्त शोभेल असे एक लाल द्रव्य ती गाठीत तयार करते आणि त्याच्या हातून प्राणवायू मोजून-मापून पुरविते. म्हणून काम करणारी गाठ नखाने चिरली तर आतून गुलाबी-लाल दिसते. पांढरी किंवा हिरवट दिसली तर समजावे की कारखाना बंद आहे. ही परीक्षा कोणाही शेतकऱ्याला बांधावर बसून करता येते. त्यासाठी प्रयोगशाळेची पावती लागत नाही. आणि या व्यवहारात दानधर्मही नाही. जिवाणू नत्र देतो, त्याबदली वनस्पती त्याला सूर्यप्रकाशापासून कमावलेली साखर देते. हा सौदा तिला महागच पडतो. त्यामुळे जमिनीत नायट्रेटच्या रूपाने आयता नत्र असेल तर वनस्पती गाठी धरतच नाही, धरल्या तरी त्यांना उपाशी ठेवते. कडधान्याच्या रानात युरिया ओतणे म्हणजे स्वतःच्या शेतातल्या कारखान्याला टाळे लावून परक्या कारखान्याचा माल विकत घेणे होय.

पुराचे कर्तृत्व नेमके येथेच येते. पूर म्हणजे गाळ आणि गाळ म्हणजे सुपीकता, असे सोपे समीकरण लोक मांडतात. ते खोटे नाही, पण अर्धे आहे. जमीन आठवडेच्या आठवडे पाण्याखाली राहिली की तिच्यात हवा उरत नाही. मग मातीतले दुसरे जिवाणू श्वसनासाठी नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि उरलेला नत्र वायुरूपाने हवेत परत जातो. खतशास्त्राच्या भाषेत हे नुकसान. गव्हाच्या दृष्टीने ते खरेच नुकसान आहे. मात्र टालची जमीन ऑक्टोबरमध्ये उघडी पडते तेव्हा ती नत्राने दरिद्री असते म्हणूनच मसूर मुकाट्याने गाठी धरतो आणि कामाला लागतो. शिवाय बुडित मातीत लोहाशी जखडलेला स्फुरद काही अंशी सुटा होतो, आणि गाठींना स्फुरदाची गरज फार. तण आणि किडीही बुडतात. एकूण, पुराने जमिनीला नुसते खत दिलेले नसते. द्विदल पिकाने नत्र बांधावा अशी परिस्थिती त्याने घडविलेली असते.

पण हाच पूर मुक्कामाला बसला तर सर्व उलटते. पाणी उशिरा निघाले की पेरणी लांबते, उशिरा पेरलेला मसूर मार्चच्या उन्हात सापडतो आणि दाणा भरत नाही. पेरणीनंतर रानात पाणी साचले तर मुळांना हवा मिळत नाही आणि गाठी गुदमरून मरतात. फार काळ बुडालेल्या जमिनीत उपयुक्त जिवाणूंची संख्याही घटते. म्हणून बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळणे तेथे लाभाचे ठरते. परंतु दुकानाच्या पत्र्याखाली उन्हात पडून मेलेले संवर्धक चोळले तर ती नुसती कोळशाची भुकटी. तेव्हा टालची मागणी ‘पूर नको’ अशी नाही आणि कधी नव्हती. ‘पाणी वेळेवर जाऊ द्या’ अशी ती आहे. गाळाने भरलेली हरोहर मोकळी करणे, दारांची व्यवस्था लावणे, पाणी काढण्याचे वेळापत्रक शेतकऱ्यांसमोर ठेवणे, अशी ही साधी, कंटाळवाणी, ठेकेदाराला फारसा नफा न देणारी कामे आहेत. बिहारच्या राज्यकर्त्यांना बांध आवडले. 1954 मध्ये राज्यात सुमारे 160 किलोमीटर लांबीचे बांध होते. पुढे ते साडेतीन हजार किलोमीटरांच्या घरात गेले आणि त्याच काळात पूरप्रवण क्षेत्र 25 लाख हेक्टरांवरून 68 लाख हेक्टरांवर गेले. बांधाचे दगड मोजून बिल निघते. वेळेवर निघालेल्या पाण्याचे बिल कोणी काढावयाचे?

तीन दिवसांचा आक्षेप

येथे युरियापंथीय अर्थशास्त्री हसून एक हिशेब मांडतील. तो टाळण्यात अर्थ नाही, कारण तो हिशेब म्हणून बरोबरच आहे. टालमध्ये एक लाख हेक्टरांवर कडधान्य आहे आणि ते हेक्टरी 50 किलो नत्र बांधते असे धरले, तर एकूण पाच हजार टन नत्र झाला. युरियात नत्र 46 टक्के. म्हणजे सुमारे 11 हजार टन युरिया. बरौनीचा कारखाना एवढा माल तीन दिवसांत काढतो. वर्षभर राबणारी एक लाख हेक्टर जमीन आणि कारखान्याचे तीन दिवस! मग कशाला हा गाठींचा गौरव?

या आक्षेपाला तीन उत्तरे आहेत. पहिले असे की, कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू अन्न नाही. ती शेतात टाकावी लागते, आणि भारतीय धान्यशेतीत टाकलेल्या नत्रापैकी निम्म्याहून बराच कमी भाग पिकात उतरतो. उरलेला हवेत उडतो, विहिरीत उतरतो, आणि त्यातला काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन कार्बन डायऑक्साइडच्या अडीचशेहून अधिक पटींनी वातावरण तापवितो. गाठीतला नत्र मात्र पानातून शेंगेत आणि शेंगेतून दाण्यात जातो. मसुराच्या एक टन दाण्यात सुमारे अडीचशे किलो प्रथिने, म्हणजे 40 किलो नत्र असतो. त्याचा मुक्काम थेट कामकऱ्याच्या ताटात आहे. दुसरे उत्तर असे, की हिशेब टालपुरता का थांबवावा? देशात कडधान्यांखाली साधारण पावणेतीन कोटी हेक्टर जमीन आहे. हेक्टरी 40 किलो धरले तरी 11 लाख टन नत्र होतो, म्हणजे सुमारे 24 लाख टन युरिया, जवळजवळ दोन बरौनी. एवढे दोन कारखाने देशातील कोरडवाहू आणि गाळपेरीचे शेतकरी आजही अदृश्यपणे चालवीत आहेत, आणि त्याबद्दल अर्थसंकल्पाच्या कोणत्याही रकान्यात त्यांच्या नावे एक पैसा मांडलेला नाही.

तिसरे उत्तर सर्वांत महत्त्वाचे आहे. बरौनीचा वायू येतो कोठून? देशात युरियासाठी लागणाऱ्या नैसर्गिक वायूचा मोठा हिस्सा द्रवरूपात जहाजाने आयात होतो. 2022 मध्ये युक्रेनच्या युद्धाने वायूचे भाव भडकले आणि 2022-23 या एका वर्षात खतांवरील अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर गेले. 45 किलोंची गोणी शेतकऱ्याला सर्व करांसह 266 रुपये 50 पैशांना मिळते. तिचा खरा खर्च त्याच्या कित्येक पट आहे, हे सरकार स्वतःच जाहिरातीत अभिमानाने छापते. याउलट डाळींचे काय? 2024-25 मध्ये देशाने सुमारे 73 लाख टन कडधान्ये आयात केली. हा आजवरचा उच्चांक होता. डाळ आयात करणे म्हणजे कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या मातीत बांधलेला नत्र जहाजात भरून आणणे. एका जहाजातून वायू, दुसऱ्या जहाजातून डाळ; आणि जो शेतकरी या दोन्ही जहाजांची गरज कमी करतो, त्याच्या मसुराचा भाव पाडण्याचे काम तेवढे सरकार तत्परतेने करते. डिसेंबर 2023 पासून जवळजवळ दोन वर्षे पिवळा वाटाणा शुल्काविना देशात येऊ दिला गेला. पिवळा वाटाणा स्वस्त झाला की हरभऱ्याचे बेसन त्यात बुडते आणि हरभऱ्यामागोमाग इतर डाळींचेही भाव उतरतात. शहरातील ग्राहकाला दिलासा, असे त्याचे समर्थन झाले. शहरातल्या कामगाराला डाळ स्वस्त मिळालीच पाहिजे. पण ती रेशनच्या दुकानातून, सरकारच्या खर्चाने मिळाली पाहिजे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या खिशातून नव्हे.

ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्र सरकारने डाळींच्या आत्मनिर्भरतेचे अभियान सुरू केले. सहा वर्षांसाठी 11,440 कोटी रुपये. वर्षाला दोन हजार कोटीही नाहीत. खतांच्या अनुदानाच्या शेजारी ठेवले तर ही रक्कम शेकडा एकाच्या आसपास पडते. आत्मनिर्भरता एवढ्या स्वस्तात मिळत असती तर ती पूर्वीच मिळाली असती.

मात्र येथे कार्यकर्त्यांनी एका सापळ्यापासून सावध राहावयास हवे. ‘युरियाचे अनुदान काढून टाका, म्हणजे शेतकरी आपोआप कडधान्याकडे वळेल’ असा उपदेश बाजारवादी मंडळी करीत असतात. 1991 च्या अर्थसंकल्पात खतांचे भाव एकदम वाढविण्याचा प्रयोग झाला. ऑगस्ट 1992 मध्ये स्फुरद आणि पालाश यांवरील नियंत्रणे उठविण्यात आली आणि त्याच वेळी युरियाचा भाव दहा टक्क्यांनी उतरविला गेला. 2010 च्या पोषकद्रव्याधारित अनुदान योजनेतूनही युरिया वगळलेलाच राहिला. परिणाम काय झाला? ज्या पिकांना नत्र लागतो त्या ऊस, गहू, भात यांच्या बागायतदाराला स्वस्त गोणी मिळत राहिली; आणि ज्या पिकाला नत्र लागत नाही पण स्फुरद लागतो, त्या कडधान्याच्या कोरडवाहू शेतकऱ्याला महाग गोणी घ्यावी लागली. तेव्हा अनुदान असावे की नसावे, हा प्रश्नच फसवा आहे. ते कोणाला, कोणत्या पिकासाठी आणि कोणत्या द्रव्यासाठी, हा खरा प्रश्न आहे. नत्र स्वतः बांधणाऱ्या शेतकऱ्याला स्फुरद स्वस्त द्या, जिवंत जिवाणू संवर्धक सार्वजनिक प्रयोगशाळेतून द्या, आणि त्याने वाचविलेल्या युरियाचा मोबदला हेक्टरी रोखीने द्या, ही मागणी कोणत्याही अंगाने अवास्तव नाही. ब्राझीलमध्ये योहाना ड्योबेराइनर आणि त्यांचे सहकारी यांनी सार्वजनिक संशोधन संस्थेत राहून दशकानुदशके काम केले. आज त्या देशाचे अफाट सोयाबीन नत्राच्या गोणीवर नव्हे, मुख्यतः जिवाणूंवर उभे आहे. तेथील बड्या जमीनदारांनी त्या ज्ञानाचे आणि जंगलांचे काय केले, ती कथा वेगळी.

गोमूत्र आणि जमीन

दुसऱ्या बाजूला एक नवा पंथ उभा आहे. तो म्हणतो, रसायन हेच पाप. निसर्गाकडे वळा, गाय पाळा, सारे काही फुकट मिळेल. नोव्हेंबर 2024 मध्ये नैसर्गिक शेतीच्या राष्ट्रीय अभियानाला 2,481 कोटी रुपये मंजूर झाले. जिवाणूंवर विश्वास ठेवणाऱ्या कोणालाही हे ऐकून बरे वाटावे. पण गाठीचे शास्त्र या पंथाला अडचणीचे आहे. कडधान्य जमिनीला नत्राचे दान देते, असे प्रवचनांत सांगितले जाते. वस्तुतः एक टन मसूर बाजारात गेला की 40 किलो नत्र शेताबाहेर गेला. भुसा बैलांच्या दावणीत गेला, काढणीच्या वेळी झाड मुळासकट उपटले गेले, की बांधलेल्या नत्रातले जमिनीत उरते ते थोडेच. कडधान्य जमिनीला फार देते असे नव्हे. ते जमिनीकडून फारसे घेत नाही. एवढेच त्याचे मोठेपण आहे आणि एवढे पुरेसे आहे. हा फरक ज्याला कळत नाही तो उद्या सर्व गहू आणि भात गाठींच्या भरवशावर सोडील. श्रीलंकेत 2021 मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या एका हुकमाने रासायनिक खतांची आयात बंद झाली. भातपीक कोसळले, चहा कोसळला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तो हुकूम मागे घ्यावा लागला. उपाशी कोण राहिले, हे सांगावयास नको. निसर्गाचे नाव घेणाऱ्या या पंथाला निसर्गात मालकी नसते, पण शेतात असते, ही गोष्ट मात्र कधीच आठवत नाही.

महाराष्ट्रातील कृष्णाकाठ हे या चित्राचे दुसरे टोक. सांगली-कोल्हापूरकडच्या रस्त्यांवर ढाब्याढाब्यांतून अख्खा मसूर आवडीने खाल्ला जातो. भोवताली मात्र नजर पोहोचेल तेथवर ऊस. नदीकाठच्या मळईच्या जमिनीतही ऊसच. आडसाली उसाला कृषी विद्यापीठाची शिफारस हेक्टरी 400 किलो नत्राची आहे, म्हणजे 45 किलोंच्या सुमारे 19 गोण्या युरिया. 2005, 2019 आणि 2021 च्या महापुरांत हे ऊस पाण्याखाली गेले, आणि टालमध्ये निसर्ग जो नत्र हवेत परत पाठवितो, त्याच वाटेने येथे सरकारी अनुदानाचा नत्र गेला. पाणी आणि खत यांच्या अतिरेकाने क्षारपड झालेल्या जमिनी कृष्णा-पंचगंगेच्या काठी हिंडून कोणीही पाहाव्यात. तरीही ऊस हटत नाही, कारण त्याला कारखाना आहे, रास्त दराचा कायदा आहे, कर्ज देणारी बँक आहे आणि विधानसभेत बसणारे आमदार आहेत. मसुराला यांपैकी काहीही नाही. पिकांचे राज्यशास्त्र असते ते असे.

टालमध्ये तर बाजारही नाही. बिहारने 2006 मध्ये कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदाच रद्द केला. शेतकरी मुक्त झाला असे तेव्हा सांगण्यात आले. मुक्त झालेला शेतकरी मार्चमध्ये खळ्यावर उभ्या राहणाऱ्या व्यापाऱ्याच्या हाती सापडला. 2025-26 च्या विक्री हंगामासाठी मसुराचा हमीभाव क्विंटलला 6,700 रुपये जाहीर झाला. परंतु खरेदीचा काटा जेथे लागत नाही तेथे हमीभाव हा वर्तमानपत्रातला मजकूर असतो. एकच पीक घेणाऱ्याला, ज्याला पुढच्या पावसाळ्यात चार महिने जमीन दिसणारच नाही, माल धरून ठेवणे कसे परवडावे?

आणि मुळात हा ‘शेतकरी’ कोण? येथे टालचा इतिहास बोलू लागतो. 1929 नंतरच्या जागतिक मंदीत धान्याचे भाव कोसळले, कुळांचा खंड थकला, आणि जमीनदारांनी थकबाकीच्या हुकूमनाम्यांवर त्यांच्या जमिनी लिलावात स्वतःकडे घेतल्या. याच त्या बकाश्त जमिनी. कुळे त्याच रानात राबत राहिली. कागदावरचे नाव तेवढे पुसले गेले. 1936 ते 1939 या वर्षांत बरहिया टालमध्ये कार्यानंद शर्मा यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने बकाश्तविरोधी लढा दिला. स्वामी सहजानंद सरस्वतींचे पाठबळ त्याला होते. शेतकऱ्यांनी रानात उतरून पेरणी केली, पीक कापले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग भरले. स्त्रिया आघाडीवर होत्या. त्या वेळी पाटण्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते, आणि जमीनदारांशी तडजोड करून त्याने जे कायदे केले त्यांतून थोड्यांच्याच हाती जमीन परत आली. पुढे जमीनदारी कायद्याने गेली, पण बटाई राहिली. बहुतेक बटाई तोंडी असते. पुढल्या ऑक्टोबरात हेच रान आपल्याकडे असेल याची ज्याला खात्री नाही, त्याने त्यात स्फुरद का घालावा, चर का खणावा, मुळे जमिनीत राहावीत म्हणून भुशाचा लोभ का सोडावा? नत्राचे शास्त्र येथे येऊन कुळकायद्याला भिडते.

मजुराचे तर विचारूच नये. दाण्यातले अडीचशे किलो प्रथिन ज्यांच्या हातांनी काढले त्यांच्या वाट्याला काय आले, याची एक साक्ष लाख देते. विदर्भात जिला लाखोळी म्हणतात ती हीच. ओलीला आणि कोरडीला सारखीच तग धरणारी, मशागत न मागणारी, उत्तम नत्र बांधणारी ही डाळ. पण महिनोन्महिने तीच मुख्य अन्न म्हणून खावी लागली तर तिच्यातील विषाने पाय कायमचे लुळे पडतात. 1961 मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. तरीही विंध्य प्रदेशातील रीवा भागात वेठबिगारांना मजुरी म्हणून लाखच दिली जात असे आणि त्या गावांत काठीवर चालणारे तरुण दिसत. दोष वनस्पतीचा नव्हता. चार घास तिचे आणि चार घास दुसऱ्या धान्याचे, असे ज्याला खाता आले त्याला ती बाधली नाही. हरभरा आणि मसूर धन्याच्या कोठारात आणि लाख मजुराच्या पदरात, ही वाटणी कोणत्याही जिवाणूने केलेली नव्हती.

बिहार सरकारने 2006 मध्ये देबब्रत बंद्योपाध्याय यांच्या अध्यक्षतेखाली भूमिसुधार आयोग नेमला. आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला आणि बटाईदाराला कायद्याने ओळख व संरक्षण द्यावे, अशी शिफारस केली. जमीनधारक जाती खवळल्या, आणि सामाजिक न्यायाच्या गर्जना करणाऱ्या सर्वच पक्षांची वाचा बसली. शिफारशी अमलात आल्या नाहीत.

टालच्या कडधान्यासाठी आज तीन मागण्या पुढे ठेवता येतात. पाणी वेळेवर निघावे. मार्चमध्ये सरकारी काटा खळ्याजवळ लागावा. आणि कसणाऱ्याचे नाव कागदावर चढावे. पहिलीला हरोहरचा गाळ उपसावा लागेल, दुसरीला पैसा लागेल. तिसरीला कारखाना लागत नाही, वायुवाहिनी लागत नाही, परदेशी जहाजही लागत नाही. तिच्यासाठी लागणारा अहवाल 2008 पासून पाटण्याच्या सचिवालयात आहे.